आकृतीच्या लेकी

साळवेबाईंसमोर 'अंदाजे' हा शब्द काढायची सोय नव्हती. शनिवारच्या बाजारात एखादी भाजीवाली म्हणाली, "अंदाजानं अर्धा शेर भरंल बगा," की त्या पिशवी खाली ठेवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "तुझा अंदाज तुझ्यापाशी राहू दे. मला तागडी दाखव." भाजीवाल्या त्यांना ओळखून होत्या. छत्री दिसली की तागडी आधीच हातात घ्यायच्या.

ती छत्री बारा महिने त्यांच्याबरोबर असे. उन्हापावसासाठी ती उघडलेली मी क्वचित पाहिली. तिचा खरा उपयोग मोजण्यासाठी व्हायचा. वर्गाची लांबी, दाराची उंची, प्रार्थनामंदिरातल्या दोन बाकांमधलं अंतर, सगळं छत्रीनं मोजून झालेलं होतं. बाई उंच, सडपातळ, सावळ्या. अंगावर पांढरं सुती लुगडं, त्याला बारीक निळा काठ. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं दोरा बांधून तो कानामागं अडकवलेला. मिशनच्या आवारात एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाहीत, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं," आणि पुढचा विषय काढायच्या. त्या म्हणण्यात खंत नव्हती आणि तोराही नव्हता.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पुण्याहून शिरूरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला गेले. गावाला तेव्हा अर्धे लोक घोडनदीच म्हणायचे. शाळा लहान, शिक्षिका थोड्या. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं, की समोरच्या बाई डब्यातली पोळी कात्रीनं कापताहेत. आधी तिच्या कडा कापून त्यांनी तिचा त्रिकोण केला. मग त्या त्रिकोणाचे चार त्रिकोण केले, चारही आकारानं मोठ्यासारखेच. त्यातला एक उचलून माझ्यापुढे धरत म्हणाल्या, "जोशीबाई, घ्या. आईच्या चार लेकी झाल्या. तीन मी खाणार आहे, ही एक तुमची."

मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहेत. आठवडाभरात कळलं, की त्या विक्षिप्त नव्हत्या, गुंतलेल्या होत्या.

त्यांचं गुंतणं कशात होतं ते मला त्यांच्या वर्गाबाहेर उभं राहून समजलं. माझा वर्ग शेजारचा. माझा तास नसला की मी व्हरांड्यात थांबायची. एकदा त्यांनी फळ्यावर तीन सारखे चौरस काढले, दोन शेजारी शेजारी आणि तिसरा एकाच्या डोक्यावर. गुडघ्यात मोडलेल्या पायासारखी आकृती झाली.

"हिच्या पोटात हिच्याच चार लेकी आहेत," बाई म्हणाल्या. "चारही एकसारख्या, आणि चारही नाकीडोळी आईवर गेलेल्या. मधे फट नको, एकमेकींवर चढलेल्या नकोत. शोधा."

मुली वह्यांवर वाकल्या. तास संपला तरी कुणाला सापडलं नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा ना."

"घाई कुणाला आहे?" बाई म्हणाल्या. "आकृती कुठं पळून जात नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दुसरं होतं, "दिसतंय ना? मग सिद्ध कर." उत्तर बरोबर असलं तरी सिद्धतेशिवाय त्या ते घेत नसत. आणि एक सवय अशी, की मुलीनं चुकीचं उत्तर दिलं तर तिला खाली बसवायच्या नाहीत. त्या चुकीचा पाठलाग करायच्या. "बरं, तू म्हणतेस तसंच धरू," असं म्हणून फळ्यावर ते पुढे पुढे नेत जायच्या, आणि अखेरीला कुठंतरी एक फट उघडी पडायची. ती मुलगीच हसायची. मी अनेक शाळांत शिकवलं, पण चुकल्यावर हसणाऱ्या मुली मी फक्त त्या वर्गात पाहिल्या.

त्या काळी मुलींना बीजगणित आणि भूमिती सोडून सोपं गणित घेता येत असे. बहुतेक शाळांत तेच चाले. आमच्याकडे मात्र बाई नववीच्या सगळ्या मुलींना भूमितीलाच बसवायच्या. सवलतीचा विषय निघाला की म्हणायच्या, "सवलत पायाला लागलंय त्याला. यांच्या पायांना काय झालंय?"

संस्थेच्या अध्यक्षांना हे पटत नसे. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी स्वतः दारोदार फिरून त्यांनी मदत उभी केलेली. पण मुलींच्या हाताला उपयोगी पडेल ते शिकवावं, असं त्यांचं ठाम मत होतं. भूमितीच्या जागी शिवणाचा तास ठेवायचा, असं त्यांच्या मनात कधीपासून होतं.

त्याच सुमारास शाळेचं नवं सभागृह उभं राहत होतं. भिंती झाल्या, पत्रे चढले, फरशी राहिली. दौंडच्या एका दगडाच्या व्यापाऱ्यानं शहाबादी फरशी देणगी म्हणून द्यायचं कबूल केलं. रेल्वेनं शहाबादहून आलेला माल दौंडला त्याच्या वखारीत पडून होता. ट्रक आला, फरश्या उतरल्या, आणि आबासाहेबांचा चेहरा पडला.

एकही फरशी सरळ नव्हती. सगळ्या चार बाजूंच्या, पण एकही बाजू दुसरीएवढी नाही आणि एकही कोपरा काटकोनात नाही. कुणाच्या तरी बंगल्यासाठी म्हणून खास फर्म्यावर कापून घेतल्या होत्या, बंगल्याचा बेत बदलला आणि माल तसाच राहिला. जमेची बाजू एवढीच, की सगळ्या एका मापाच्या होत्या.

गवंडीकाम हुसेनमामांकडे होतं. त्यांनी दोन फरश्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. ते विचारात पडले की असं करायचे.

"आबासाहेब, ह्या अशा न्हाई बसायच्या," मामा म्हणाले. "चारी बाजूनं तोडून चौरस कराव्या लागतील. निम्म्याच्या वर दगूड वाया जाईल. मग हॉल काय पुरा व्हायचा न्हाई."

आम्ही शिक्षिका बाजूला उभ्या होतो. साळवेबाई पुढं गेल्या, वाकून एका फरशीच्या चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तोडू नका. अशाच बसतील."

"बाई, ह्यो दगूड हाय. कागद न्हाई."

"चार बाजूंची कुठलीही आकृती घ्या मामा. कितीही वाकडी असू द्या. सगळ्या एकसारख्या असतील तर त्या जमीन झाकतात. मधे बोटभर फट राहत नाही. कडेला भिंतीशी तेवढं तोडावं लागेल."

आबासाहेब हसले. "हे तुमच्या पुस्तकात असेल बाई."

"पुस्तकात आहे, आणि जमिनीवरही आहे."

"असं म्हणता? मग एक करू. कडेचं सोडून, न तोडता फरशी बसली तर तुमचा भूमितीचा तास राहील. त्याबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. नाही बसली तर जूनपासून त्या तासाला शिवण. आणि शिकवायचं तुम्ही."

"मला शिवण येत नाही."

"शिकाल."

बाईंनी चष्म्याचा दोरा नीट केला आणि म्हणाल्या, "चालेल."

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाऊन मी म्हटलं, "बाई, एवढं पणाला लावायची काय गरज होती?"

"मी काहीच पणाला लावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सिद्ध झालेल्या गोष्टीवर पैज लावणं म्हणजे खरं तर लबाडी आहे. मला आबासाहेबांची जरा दयाच आली."

दुसऱ्या दिवशी नववीचा वर्ग सभागृहात भरला. मुलींनी एक फरशी आखून घेऊन त्याच मापाचे पुठ्ठ्याचे वाकडे चौकोन कापले होते. बाईंनी हुसेनमामांना बाकावर बसवलं आणि मुलींकडून त्यांना सगळं सांगवलं. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ अंश. कुठल्याही एका ठिपक्याभोवती घेतलेला पूर्ण फेरासुद्धा तीनशे साठच. म्हणजे चार फरश्यांचे चार वेगवेगळे कोपरे एका ठिकाणी आणले की तो फेरा नेमका भरतो. ते कसं आणायचं? पहिल्या फरशीच्या एका बाजूला दुसऱ्या फरशीची तीच बाजू लावायची, दुसरी अर्धा फेरा फिरवून. मग तसंच पुढं.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पर ही उलटी करता येनार न्हाई. वरलं अंग गुळगुळीत हाय, पाठ खडबडीत."

बाई एकदम खूश झाल्या. "मामा, हाच प्रश्न माझ्या मुलींनी विचारायला हवा होता. उलटायची नाहीच. फिरवायची. फिरवणं वेगळं, उलटणं वेगळं."

चुना न लावता नुसत्या फरश्या मांडून बघायचं ठरलं. मामा आणि त्यांचे दोन गडी दगड ठेवायचे आणि मुली कुठली बाजू कुणाला ते सांगायच्या. पहिली ओळ बसली. दुसरी बसली. वाकड्या दगडांची ती नक्षी जमिनीवर पसरायला लागली तशी मुलींची कुजबुज थांबली. नदीच्या पाण्यावर लाटा एकीशेजारी एक सरकतात तसं ते दिसत होतं. मामा मधेच हात थांबवून बघत राहायचे.

तिसऱ्या ओळीत एक फरशी बसेना.

बाजू बरोबर जुळत होती, पण कोपरा भलतीकडेच जात होता. दुसरी आणली. ती बसली. त्यापुढची पुन्हा बसेना. मग आणखी दोन. मामांनी मुंडासं सोडलं. आबासाहेब नेमके तेव्हाच आले, दारात उभे राहून बघू लागले.

बाई त्या न बसणाऱ्या फरशीपाशी जमिनीवर बसल्या. छत्रीनं तिच्या बाजू मोजल्या. मापं बरोबर होती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. इतक्या वर्षांत त्यांना गोंधळलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, ही डावी हाय."

ती सुभद्रा. दौंडकडच्या वरवंडजवळच्या एका वस्तीवरची, धनगराची मुलगी. आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. वडिलांनी शेती धरली, तरी थोडी मेंढरं अजून होती. शिरूरला मावशीकडे राहून ती शिकत होती. वर्गात सहसा तोंड उघडत नसे.

"डावी म्हणजे?" बाईंनी विचारलं.

सुभद्रा पुढं आली. "आमच्याकडं मेंढराच्या कानाला खूण असती. उजव्या कानाला आसंल तर आमचं, डाव्या कानाला आसंल तर चुलत्याचं. खूण तीच, कान येगळा. ह्या फरश्यांचं तसंच झालंय. ही आन् ती माप एकच, पर ही आरशातली हाय. कितीबी फिरवली तर ती व्हायची न्हाई."

बाईंनी पुठ्ठ्यांचा ढीग तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "दिसतंय ना? मग सिद्ध कर."

सुभद्रेनं पुठ्ठ्याचा एक चौकोन घेतला आणि बसलेल्या फरशीवर ठेवला. नेमका बसला. तोच न बसणाऱ्या फरशीवर ठेवला, चारी दिशांनी फिरवून पाहिला, कुठंच जुळेना. मग तिनं पुठ्ठा पालथा केला. जुळला. ती फक्त एवढंच म्हणाली, "पुठ्ठा उलटतोय. दगूड उलटत न्हाई."

बाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि दाराकडे वळल्या. "आबासाहेब, मला हे दिसलं नाही. हिला दिसलं. माझी नववीतली विद्यार्थिनी आहे, सुभद्रा." हे म्हणताना त्यांची मान अशी ताठ झाली होती, की स्वतःच्या हातून चूक झाल्याचं त्या सांगत होत्या की बक्षीस मिळाल्याचं, हे कळू नये.

पुढं दौंडच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, की बंगल्यासमोर दोन्ही अंगांना वळत जाणाऱ्या दोन वाटांसाठी त्या फरश्या होत्या. एक वाट उजवीकडे वळणारी, एक डावीकडे. म्हणून निम्म्या एका हाताच्या, निम्म्या दुसऱ्या. मुलींनी सगळा ढीग वेगळा केला. उजव्या फरश्या सभागृहात बसल्या, डाव्या बाहेरच्या ओसरीवर आणि आवारातल्या वाटेवर. भिंतीलगत काय तोडावं लागलं तेवढंच. मामा पुढे कितीतरी दिवस बाजारात भेटेल त्याला धरून आणायचे आणि म्हणायचे, "बोट घालून दाव. फट दाव कुठं हाय ती."

आबासाहेबांनी शब्द पाळला. भूमितीचा तास राहिला. इतकंच नाही, सभागृहाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना ते स्वतःच समजावून सांगत होते, की चार बाजूंची कुठलीही आकृती जमीन झाकते. बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. एका ठिकाणी आबासाहेब चुकले, 'उलटून' म्हणाले. बाईंनी माझ्या कानात म्हटलं, "फिरवून." पण उठून काही बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वभावाला तो मोठाच संयम होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुभद्रा गावी गेली आणि शाळा सुरू झाली तरी परत आली नाही. मावशीकडून कळलं, की तिचं लग्न ठरवताहेत. बाईंनी रविवारची प्रार्थना चुकवली, ही त्यांच्या आयुष्यात फार मोठी गोष्ट, आणि मला घेऊन निघाल्या. एसटीनं चौफुल्याला उतरलो, तिथून वरवंडपर्यंत मालट्रकमधून आणि पुढं वस्तीपर्यंत पायी. ऊन रणरणत होतं. छत्री उघडा म्हटलं तर म्हणाल्या, "वाट मोजतेय."

वस्तीवर सुभद्रेचे वडील भिवाआप्पा आणि त्यांचे तीन भाऊ अंगणात बसलेले. वातावरण तापलेलं होतं. आम्हाला बाजेवर बसवलं. घरातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला पितळी तांब्याभांडं आणून दिलं. साळवेबाईंना मात्र ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं. बाई पाणी प्यायल्या, हात पुसले आणि आप्पांकडे वळल्या.

"आप्पा, सुभद्रेला न्यायला आले."

"आता कुठली शाळा बाई," आप्पा म्हणाले. "हितं घरची वाटनी निघालीय. जमीन चौघांत फोडायची. तवा पोरीचं एकदा उरकून टाकू म्हनलं."

"वाटणी कुठं अडली?"

आप्पांनी सांगितलं. जमीन गुडघ्यात मोडलेली. एका कोपऱ्यात सामाईक विहीर आणि बिरोबाचं ठाणं, तो कोपरा वाटणीत नव्हता. उरलेली तीन चौकांची जमीन, वाटेकरी चार. लांब पट्टे पाडले तर कुणाचा तुकडा विहिरीपासून दूर, कुणाचा नुसताच लांबडा, औत वळवायला जागा नाही. चार दिवस भाऊ भांडत होते. धाकटा कोर्टाची भाषा बोलू लागला होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ती आकृती ओळखू आली. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दाराआड उभ्या असलेल्या सुभद्रेकडे वळून एवढंच म्हणाल्या, "सुभद्रा, तुला येतंय का?"

ती बाहेर आली. चुलत्यांसमोर जमिनीवर बसायला लाजत होती. मग तिनं एक काटकी घेतली आणि मातीत रेघा ओढल्या. आधी जमीन. मग प्रत्येक चौकाचे चार भाग. मग जमीन जिथं मोडते तिथले, विहिरीकडचे तीन लहान चौक एकत्र जोडून मधे एक गुडघा, आणि त्याच्या तीन अंगांना तसेच तीन. चार तुकडे, चारही जमिनीसारखेच मोडलेले.

थोरले चुलते वाकून रेघांवरून बोट फिरवू लागले. "ह्यो माझा तुकडा म्हंजी समद्या रानाचं पिल्लूच की," ते म्हणाले.

"मधल्याला वाट कुठनं?" धाकट्यानं विचारलं.

"मधला विहिरीला लागूनच हाय," सुभद्रा म्हणाली. "वाट ठाण्याकडनं. बाकीच्या तिघांस्नी बाहेरनं वाट हाय. कडंचे दोन तुकडे बी विहिरीच्या कोपऱ्याला लागत्यात. लांबच्या एकानं पान्याला मधल्याच्या बांधानं पाट न्यायचा. मधल्यानं त्यो आडवायचा न्हाई."

"आन् मधला कोन घेनार?"

आप्पा म्हणाले, "मी घेतो. पाट मी आडवत न्हाई, हे तुमास्नी ठावं हाय."

मिटलं, असं मी म्हणणार नाही. धाकट्यानं पुढे आपला बांध थोडा सरकवला, त्यावरून बोलाचाली झाली, असं नंतर ऐकलं. पण कोर्टात कुणी गेलं नाही. त्या दुपारी मात्र आप्पा मातीतल्या रेघांकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "बाई, हे तुमी शिकवलंत हिला?"

"नाही," साळवेबाई म्हणाल्या. "मी फक्त विचारलं होतं. वर्गात कुणालाच आलं नव्हतं. हिनं कधी शोधलं ते मलाही आत्ताच कळतंय."

सुभद्रा खाली मान घालून म्हणाली, "मेंढरामागं बसले हुते तवा."

आप्पांनी मुलीला शाळेला धाडायचं कबूल केलं. "मॅट्रिक होऊ द्या. मग बगू," एवढंच म्हणाले. लग्नाची बोलणी पुढं ढकलली गेली.

परत येताना माझ्या मनात ते ओंजळीतलं पाणी होतं. न राहवून मी म्हटलं, "बाई, तुम्हाला राग नाही आला?"

त्या काही पावलं चालल्या. "आला," म्हणाल्या. "लहानपणापासून येतोय. पण आज मी सुभद्रेसाठी आले होते. एका वेळी एकच सिद्धता."

त्यानंतर दोनेक वर्षांनी, सुभद्रा मॅट्रिक झाल्याची बातमी आली त्या आठवड्यात, भिवाआप्पा स्वतः शिरूरला आले. खांद्यावर नवी घोंगडी. बाईंच्या खोलीच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाई, च्या टाका." बाईंनी चहा केला. आप्पा बाईंच्या घरच्या कपबशीतून तो सावकाश प्यायले, त्यांनी बशी पुसून खाली ठेवली आणि घोंगडी बाईंच्या पुढ्यात सरकवली. मी तिथं होते. त्या दिवशी मला वाटलं, या बाईंच्या शेजारच्या वर्गात शिकवायला मिळणं हीसुद्धा एक मिरवण्यासारखी गोष्ट आहे.

सुभद्रा शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन दौंडला एका शाळेत लागली. वर्गात निम्मी मुलं रेल्वेतल्या लोकांची, निम्मी खेड्यावरून येणारी. लग्न तिनं पुढे स्वतःच्या पसंतीनं केलं, मुलगाही दौंडचाच. माझी बदली झाली नाही, पण माझ्या यजमानांची नोकरी पुण्याला गेली आणि माझं शिरूर सुटलं. साळवेबाई निवृत्त झाल्या. त्यांची दृष्टी मंदावली होती. पुतण्या दौंडला रेल्वेत होता, त्याच्याकडे त्या राहायला गेल्या. नातेवाइकांत एका लग्नाला मी दौंडला गेले तेव्हा बाईंना भेटायचं ठरवूनच गेले होते. पुतण्याच्या घरी कळलं, की बाई शाळेत गेल्यात. "रोजच जातात," त्याची बायको म्हणाली. "दुपारचा एक तास."

मी शाळा शोधत गेले. लांब कौलारू इमारत, मागं रुळांवरून मालगाडी चाललेली. तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून मला सुभद्रा दिसली. अंगानं भरली होती, आवाज मोकळा झाला होता. फळ्यावर तिनं सारख्या बाजूंचे सहा त्रिकोण जोडून एक आकृती काढली होती. पाच त्रिकोण ओळीनं खाली, सहावा एका टोकाला वर चढवलेला. बाजू पाच. बसलेल्या मेंढीसारखी दिसत होती.

"त्रिकोणाच्या लेकी आपण पाहिल्या," सुभद्रा सांगत होती. "चौकोनाच्या पाहिल्या. ही पाच बाजूंची आहे. ही मी कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही. कागद कापता कापता मला सापडली. हिच्या पोटातही हिच्याच चार लेकी आहेत." आणि तिनं भराभर रेघा ओढून चारी दाखवल्या. मुलांनी माना डोलावल्या.

शेवटच्या बाकावर, एका लहान मुलीशेजारी, साळवेबाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. चष्म्याची भिंगं जाड झाली होती. त्यांनी हात वर केला, वर्गातल्या मुलीनं करावा तसा, बोट सरळ ठेवून.

सुभद्रा थांबली.

"बाई," साळवेबाई तिला म्हणाल्या, "तिसरी नीट कळली नाही मला. परत एकदा कराल का?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. कळलं नाही असं त्यांनी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि कुणाला 'बाई' म्हणून हाक मारताना तर कधीच नाही. सुभद्रा क्षणभर पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "करते. सगळ्यांनी नीट बघा," आणि तिनं फळा पुसला.

आत जायचं मला सुचलंच नाही. मालगाडीचे डबे संपेपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले. आत सुभद्रा पहिल्या रेघेपासून सुरुवात करत होती, आणि साळवेबाई मान उंचावून, पुढच्या मुलीच्या रिबिनीच्या वेणीवरून, फळ्याकडे बघत होत्या.